विश्वास कमी पडला म्हणून पप्पा गेले का?

जय ख्रिस्त. तुझं पत्र मिळालं. माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहितो.

इतर वाचणाऱ्यांसाठी आधी हकिकत थोडक्यात सांगतो. पत्र लिहिणारी मुलगी नर्स आहे. नोकरी पुण्यात, घर नगर जिल्ह्यात. वडिलांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, डायलिसिस चालू होतं, शेवटी हृदयानेही साथ दिली नाही. मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, साखळी प्रार्थना ठेवली, उपवास धरले. बाहेरगावाहून आलेल्या एका सुवार्तिकांनी (धर्मप्रचारकांनी) बिछान्याशेजारी उभं राहून सांगितलं, "रिपोर्ट बघू नका, वचन बघा." वडील गेले. दफनानंतर लोक सांत्वनाला आले, त्यात हेच गृहस्थ होते. घरातल्यांसमोर म्हणाले, "कुठेतरी विश्वास कमी पडला." तेव्हापासून हिला उपासनेत गीत म्हणवत नाही, आई संध्याकाळच्या प्रार्थनेला बसली की ही उठून आत जाते. तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत. संशय धरणं पाप आहे का? अशा मनाने प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घ्यावं का? आणि येशू आहे याचीच खात्री नसेल, तर त्याच्यामागे चालायचं म्हणजे नक्की काय करायचं? त्यात भर म्हणजे मंडळीच्या पंचांनी तिला शब्बाथशाळेचा (रविवारच्या धर्मशिक्षणाचा) लहान मुलांचा वर्ग घ्यायला सांगितलं आहे.

विचारलेल्या प्रश्नांकडे येतो, पण पत्राच्या मध्यावर तू एक वाक्य अर्धवट सोडलं आहेस, आधी त्याच्याकडे. "क्रिएटिनिन मला माहीत होतं, म्हणून आमेन म्हणताना मी..." एवढंच. पुढे काही नाही, लगेच बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा विषय सुरू. (इतरांसाठी: क्रिएटिनिन म्हणजे किडन्या किती काम करतात ते सांगणारा रक्तातला आकडा.) बाई गं, मला वाटतं तुझा खरा प्रश्न तोच आहे. सगळे बरं होण्यासाठी प्रार्थना करत होते, आणि त्या खोलीत तू एकटी अशी होतीस की जिला आकडे वाचता येत होते. आता तुला वाटतंय की तुझ्याच अविश्वासाने प्रार्थना अडली. त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. आणि ते तुझी समजूत घालायची म्हणून देत नाही, शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तसं आहे म्हणून देतो.

मार्काच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघड. डोंगरावरून येशू खाली येतो तर खाली गर्दी, शास्त्री आणि शिष्य हमरीतुमरीवर आलेले, आणि मध्ये एक बाप. मुलगा लहानपणापासून आजारी. झटका आला की जमिनीवर पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, कधी विस्तवात पडतो तर कधी पाण्यात. तू वॉर्डात काम करतेस, तुला हे डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. बापाने मुलाला शिष्यांकडे आणलं, त्यांना जमलं नाही. येशूपुढे तो म्हणतो, "काही करता येत असेल तर करा." त्या 'असेल तर'मध्ये किती वैद्य, किती मांत्रिक, किती वर्षांची जागरणं आली असतील! आणि मग तो मोठ्याने ओरडतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." विश्वास आणि अविश्वास दोन्ही त्याच्याच तोंडात, एका श्वासात. येशू त्याला आधी जा, विश्वास पक्का करून ये, असं म्हणत नाही. मुलगा बरा होतो.

आता हाच प्रसंग मत्तयाच्या सतराव्या अध्यायात वाच. तिथे शिष्य नंतर एकांतात विचारतात, आम्हांला त्या मुलातलं भूत का काढता आलं नाही? येशू म्हणतो, तुमच्या अल्पविश्वासामुळे. हे वाक्य कोणाला म्हटलं आहे ते नीट बघ. प्रार्थना करायला उभ्या राहिलेल्यांना म्हटलं आहे. ना त्या पोराला, ना बापाला. याकोबाच्या पाचव्या अध्यायातही तसंच: दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना त्याला वाचवील. तिथेही प्रार्थना करायची ती मंडळीच्या वडिलांनी, दुखणाइताने किंवा त्याच्या लेकीने विश्वासाची परीक्षा द्यायची असं लिहिलेलं नाही. म्हणजे "विश्वास कमी पडला" हे वाक्य शास्त्रातून उचलायचंच असेल, तर ते त्या सुवार्तिकांनी आरशासमोर उभं राहून म्हणावं. घरच्यांना ते ऐकवायचा अधिकार त्यांना कुठल्याही वचनाने दिलेला नाही.

ते येशूच्या स्वतःच्या गावाचा, नासरेथचा, दाखला देतील, हे मला ठाऊक आहे. मार्काच्या सहाव्या अध्यायात येशूला तिथे फारसं काही करता आलं नाही आणि लोकांच्या अविश्वासाचं त्याला आश्चर्य वाटलं, असं आहे खरं. पण नासरेथकरांचा अविश्वास कोणता होता? "हा सुतार ना? मरीयेचा मुलगा ना?" म्हणून त्यांनी त्याला उडवून लावलं. आणि तिथेही थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलंच. तू पप्पांना उडवून लावलं नाहीस, येशूलाही नाही. तू रात्रपाळी करून, बस पकडून घरी जात होतीस आणि पप्पांचा डायलिसिससाठी केलेल्या फिस्टुलाचा हात जपत होतीस. आजारी माणूस घेऊन आलेल्या कोणालाही 'तुझा विश्वास पुरेसा नाही, परत जा' असं येशूने म्हटल्याचा एकही प्रसंग चारही शुभवर्तमानांत नाही. शोधून बघ.

आणि प्रार्थना करूनही बरं न होणं ही काही आपल्या मंडळीतच घडलेली गोष्ट नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी पौल सहज लिहून जातो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. पौल! ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत, असं प्रेषितांची कृत्ये सांगतं. त्याचा जवळचा सोबती आजारी, आणि पौल त्याला तसाच मागे ठेवून पुढे जातो. कोणाचा विश्वास कमी पडला, यावर एक शब्द नाही. स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर तर तो थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, म्हणजे त्या काळचं औषधच. रिपोर्ट बघू नका असं सांगणाऱ्यांनी हे पान कधी उलटलेलं दिसत नाही.

याकोबाचं वचन चटकन उरकतो, कारण ते तुला विनाकारण चिकटवलं गेलं आहे. संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा आहे, हे पहिल्या अध्यायाचं सहावं वचन. पण त्याच्या आधीचं पाचवं वचन वाचून मग सहाव्याकडे ये. विषय बुद्धी मागण्याचा आहे, आणि देव मागणाऱ्याला दोष न लावता देतो असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. पुढे आठव्या वचनात तो ज्याला द्विबुद्धीचा म्हणतो, तो एक पाय देवाकडे आणि एक पाय जगाकडे ठेवून दोन्हींकडून फायदा बघणारा माणूस. चौथ्या अध्यायात तो हेच पुन्हा खडसावून सांगतो. शोकाने ज्याची प्रार्थना घशात अडकली, त्याच्यासाठी हे लिहिलेलं नाही. यहूदाचं पत्र एका पानाचं आहे, आपण ते फारसं उघडत नाही. त्यात संशयात पडलेल्यांवर दया करा, अशी आज्ञा आहे. आज्ञा! मंडळीला दिलेली. ती पाळली गेली असती तर हे पत्र लिहायची वेळ तुझ्यावर आली नसती.

संशय सगळा एक जातीचा नसतो, एवढं मात्र इतक्या वर्षांच्या सेवेवरून सांगतो. कोणाला पुस्तकं वाचून प्रश्न पडतात: शुभवर्तमानांत फरक का, पुनरुत्थानाचा पुरावा काय. त्यांच्याशी बसून वाचावं लागतं, आणि ते काम मला आवडतं. कोणाचा विश्वास मंडळीतल्या माणसांची वागणूक बघून उडतो, जमिनीचे दावे, खुर्च्यांची भांडणं. त्यांच्यापुढे मी वाद घालत नाही, ते बहुतेक वेळा बरोबर असतात. आणि काहींचा संशय म्हणजे रडायचं राहून गेलेलं रडू असतं. तुझा तो आहे, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. तू लिहिताना देवाच्या अस्तित्वाचे पुरावे मागितलेस, पण चिडलीस ती तो उशिरा आला म्हणून. जो नाही त्याच्यावर कोणी इतकं चिडत नाही.

बेथानीच्या दोघी बहिणींचं बघ ना. लाजर आजारी असल्याचा निरोप गेला, तरी येशू होता तिथेच दोन दिवस राहिला. तो आला तेव्हा मार्था म्हणाली, "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." मागून मरीया आली, तिनेही हेच म्हटलं. चार दिवस दोघी घरात एकमेकींशी काय बोलल्या असतील हे यावरून कळतं. मार्था पुढे तोंडभरून कबुली देते की आपण ख्रिस्त आहात, देवाचे पुत्र आहात. आणि लगेच थोड्या वेळाने कबरेपाशी, धोंडा बाजूला करा म्हटल्यावर, हीच मार्था म्हणते, "आता त्याला दुर्गंधी येत असेल." आकडे माहीत असलेली बाई! तिची कबुली खोटी नव्हती आणि तिचं दुर्गंधीबद्दलचं बोलणंही खोटं नव्हतं. येशूने तिला त्या बोलण्याबद्दल बाजूला उभं केलं नाही, तो रडला, आणि मग त्याने हाक मारून मेलेल्या लाजराला कबरेतून उठवलं. तुझ्या घरी हाक आली नाही. का, हे मला सांगता येणार नाही, आणि जो सांगतो त्याच्यापासून जरा लांबच राहा. पण मार्थेचं बोलणं त्याच्यापुढे बोलायला तुला पूर्ण मुभा आहे.

प्रभुभोजनाचं. 'अयोग्य प्रकारे भाकर खाणारा दोषी' हे वचन महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या वेळी, आपण वाचून दाखवतो, आणि मग निम्मी तरुण पोरं मागच्या बाकावर बसून राहतात. करिंथकरांच्या अकराव्या अध्यायात ते वचन ज्या संदर्भात आलं आहे तो वाचला जात नाही. तिथे पैसेवाले आधी येऊन जेवून घेत, काही जण तर प्यालेले असत, आणि कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. पौल त्यावर संतापला आहे. अयोग्य प्रकार तो. संशय असलेल्याने मेजावर येऊ नये, असं त्या अध्यायात कुठेही नाही. मूळ मेजावर तर कोण बसलं होतं? रात्र संपायच्या आत तीनदा नाकारणारा पेत्र, आणि पळून जाणारे बाकीचे.

येशू मेलेल्यांतून उठला हे आधी न मानणाऱ्या थोमा या शिष्याला आपण 'संशयी' असं बिरूद लावून ठेवलंय, हा मला त्याच्यावर अन्याय वाटतो. त्याने येशूच्या जखमा बघायला मागितल्या, त्या इतरांना आधीच दाखवून झाल्या होत्या; हात आणि कूस त्यांनी बघितली होती. शिवाय योहानाने एक बारीक गोष्ट नोंदवली आहे: आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. मधले आठ दिवस विचारात घे. दहा जण म्हणताहेत आम्ही प्रभूला पाहिलं, आणि एक जण म्हणतोय मी मानणार नाही. तरी त्यांनी त्याला हाकललं नाही आणि तोही दार आपटून गेला नाही. एकाच घरात राहिले, एकाच ताटात जेवले असतील. तू पहिल्या रविवारी ये, भाकर घे. ती घेताना 'माझा विश्वास पक्का आहे' असं मनात म्हणायची गरज नाही. त्या बापाचं वाक्य म्हण, तेवढं पुरे.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड, आणि त्यासाठी मला केडगावच्या पंडिता रमाबाईंकडे जावं लागतं. त्यांचा फोटो आपल्यापैकी बऱ्याच घरांत असतो, पण त्यांच्या मनातली उलघाल आपण मुलांना सांगत नाही. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला, पदरी लहान मनोरमा. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण घेतल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), चर्चचा अधिकार, बिशपचं म्हणणं मुकाट मानायचं का, सगळ्यावर त्या प्रश्न विचारत राहिल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले ती दुसऱ्याच्या जोखडाखाली मान द्यायला नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आपल्या मंडळीत आज एखादी मुलगी असं बोलली तर पंचांची मिटिंग बसेल.

पुढे आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या अनुभवकथनात, त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं: ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. आता साल जुळवून बघ. 1883 अधिक आठ म्हणजे 1891. मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन त्यांनी उघडलं ते मार्च 1889 मध्ये. म्हणजे स्वतःच्याच शब्दांत 'ख्रिस्त मिळाला नव्हता' त्या वर्षांत त्या डोकं मुंडलेल्या पोरींना आसरा देत होत्या, शिकवत होत्या, लोकांच्या शिव्या खात होत्या. खात्री झाल्यावर कामाला लागू म्हणून त्या बसून राहिल्या असत्या, तर शारदा सदन निघालं नसतं, आणि मला तर वाटतं खात्रीही झाली नसती. योहानाच्या सातव्या अध्यायात येशू हेच म्हणतो: जो त्याच्या इच्छेप्रमाणे करायला तयार आहे त्याला ही शिकवण देवाची आहे की नाही ते कळेल. आधी करणं, मग कळणं. आपण उलटं शिकवत आलो. गालीलच्या किनाऱ्यावर तो कोळ्यांना 'माझ्यामागे या' म्हणाला. 'मी कोण आहे असं लोक म्हणतात', हा प्रश्न त्याने त्यांना पुष्कळ नंतर विचारला.

तुझ्या बाबतीत 'करणं' म्हणजे काय, ते मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. मी आजारी होतो, तुम्ही माझ्या समाचाराला आलात. हा भाग नर्सेस डेला इतक्यांदा वाचला जातो की त्याची धार गेली आहे. पण ज्यांची तिथे वाहवा होते ते काय उत्तर देतात ते बघ. "प्रभूजी, आम्ही आपल्याला कधी पाहिलं?" त्यांना पत्ताच नव्हता! येशूला ओळखून, त्याचं नाव घेऊन त्यांनी काही केलं नव्हतं. नाईट ड्युटीला पहाटे एखाद्या म्हाताऱ्याची कूस बदलतेस, चादर ओढून सरळ करतेस, तेव्हा तिथे कोणी आहे असं तुला वाटलं पाहिजे, अशी अट त्या दाखल्यात नाही. अर्थात, काम करत राहा म्हणजे प्रार्थना नको, असा याचा अर्थ घेऊ नकोस. काही जण तसा घेतात आणि पाच-सहा वर्षांत आतून कोरडे होतात; तुझ्या पेशात तर लवकर.

तेव्हा प्रार्थनेचं. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर सुचवू नकोस, उसने घे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र रोज झोपण्यापूर्वी वाच, मोठ्याने. ते अंधारातच संपतं. बाकीची बहुतेक रडगाण्याची स्तोत्रं शेवटी वळण घेऊन 'तरी मी परमेश्वराचं गाईन' म्हणतात, हे म्हणत नाही. ज्यांनी शास्त्राची पुस्तकं एकत्र केली त्यांनी ते गाळलं नाही की त्याला गोड शेवट जोडला नाही, याचा मला फार आधार वाटतो. त्याचा कंटाळा आला की तेराव्याकडे जा. गीतांचं म्हणशील तर उपासनेत जी ओळ म्हणवत नाही तिथे गप्प राहा. शेजारची बाई म्हणतेय, तेवढं पुरतं. मंडळी असते कशाला?

एक गोष्ट जरा कठोरपणे सांगतो. आई प्रार्थनेला बसली की आत जाणं बंद कर. तिचा नवरा गेलाय. तिच्या विश्वासाशी तुझं भांडण नाही, आणि ती वचन वाचताना तुला दोष देतेय असं तुझं तूच धरून चाललीयस. डोळे उघडे ठेवून बस हवं तर, पण तिच्याजवळ बस. आणि त्यातल्याच एका संध्याकाळी ते अर्धवट सोडलेलं वाक्य तिच्यासमोर पुरं कर. मला अशी खात्री वाटते की तिलाही कुणीतरी एकटीला गाठून 'विश्वास कमी पडला' हे ऐकवलेलं असणार, आणि तीही ते पोटात घेऊन बसली असणार.

शब्बाथशाळेचा वर्ग घे. गालीलच्या डोंगरावर अकरा जणांनी त्याला नमन केलं, 'पण कित्येकांना संशय वाटला' असं मत्तय लिहितो, आणि पुढच्याच वाक्यांत येशू त्या सगळ्यांना मिळून जगभर पाठवतो. संशय असलेल्यांना वेगळं काढत नाही. मुलांना गोष्टी सांग, नीट, रंगवून सांग, आणि त्यांनी विचारलं की 'टीचर, तुमचे पप्पा का बरे झाले नाहीत', तर 'मला माहीत नाही' म्हण. साक्ष द्यायला मात्र सध्या उभी राहू नकोस, कोणी कितीही आग्रह केला तरी. शब्बाथशाळेच्या सुपरिंटेंडेंटना वर्ग घेण्याआधी तुझी अवस्था सांगून ठेव. समजूतदार असतील तर वर्ग देतील, नसतील तर सहा महिने थांब.

राहिले ते सुवार्तिक. त्यांना क्षमा कर असं मी आज तुला सांगणार नाही, ते तुझं तुझ्या वेळेने होईल. पण तुमच्या पाळकसाहेबांकडे एकदा जा आणि झालेला प्रकार शब्दशः सांग, म्हणजे पुढच्या वेळी दफनानंतरच्या घरात कोणाला बोलायला उभं करायचं, हे पंच आधी ठरवतील. हे उत्तर त्यांना दाखवलंस तरी माझी हरकत नाही.